बारा वर्षांचं मूल आणि हिब्रू वाचन : आठवड्याची रोजनिशी

रविवार

बार मित्स्वा, म्हणजे ज्यू मुलाने सिनेगॉगमध्ये हिब्रू धर्मग्रंथ वाचण्याचा संस्कार, तेराव्या वर्षी. बारावं लागलं की घरच्यांच्या ध्यानात येतं की मूल प्रार्थना म्हणतं, वाचत नाही. ठाण्या-मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांत शाळेचं वाचन मराठी-इंग्रजी. हिब्रू सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, कानावर पडतं आणि तिथून थेट तोंडात बसतं. शेमा ही रोजची मुख्य प्रार्थना घडाघडा येते, पण बोट भलत्याच शब्दावर असतं.

परीक्षा सोपी आहे. पाठ असलेल्या ओळीतले शब्द शेवटाकडून पहिल्याकडे वाचायला सांगायचे. पाठांतर असेल तर तिथेच अडतं. मग अनोळखी मजकूर घ्यायचा. बायबलमधलं स्तोत्र 119 उत्तम, हिब्रूच्या 22 अक्षरांची प्रत्येकी 8 अशी 176 वचनं आहेत, सहसा पाठ नसतात. एक मिनिट वाचू द्यायचं, मध्ये टोकायचं नाही. पेन्सिलीने खुणा करायच्या: अक्षर चुकलं, स्वर चुकला, शब्द गाळला की अंदाजाने ठोकून दिला. या चार चुका वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

एक गोष्ट मात्र करू नये: पुन्हा आलेफपासून, म्हणजे पहिल्या अक्षरापासून, सुरुवात. मुलाला 18 अक्षरं पक्की येत असतात, चारच नडतात. फुग्यांच्या चित्रांचं बालपुस्तक पुढ्यात ठेवलं की बारा वर्षांच्या पोराचा चेहरा पडतो, आणि आठवडा तिथेच संपतो.

सोमवार

घोटाळा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जोड्यांचा असतो. बेत आणि काफ: बेतला उजवीकडे खाली कोपरा बाहेर येतो, काफची पाठ गोल. 'हे' आणि 'हेत': 'हे'च्या डाव्या पायाला वर फट, 'हेत' बंद. सामेख आणि शब्दाच्या शेवटी येणारा मेम: एक गोल, दुसरा चौकोनी. एका दिवशी एकच जोडी. सहा कार्डं, तीन एका अक्षराची, तीन दुसऱ्याची, पिसून. नाव विचारू नये, आवाज विचारावा.

दालेत आणि रेशची जोडी सगळ्यात महत्त्वाची. दालेतला वर उजवीकडे टोकदार कोपरा, रेश तिथे वळतो. शेमाच्या पहिल्या वचनातला शेवटचा शब्द 'एहाद', म्हणजे एक. तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, गुंडाळीत त्यातला दालेत मुद्दाम मोठा लिहितात. तिथे रेश वाचला गेला तर शब्द 'अहेर' होतो, म्हणजे दुसरा! सोफेरांनी, म्हणजे ही गुंडाळी हाताने लिहिणाऱ्यांनी, शतकानुशतकं जपलेली खबरदारी मुलाला दाखवावी. कोपरा बघायचा का, हे पुन्हा सांगावं लागत नाही.

बुधवार

स्वरांना, म्हणजे अक्षरांना लागणाऱ्या ठिपक्या-रेघांना, मराठी मुलं उगाच घाबरतात. नावं बरीच आहेत, आपल्या उच्चारात आवाज पाचच: आ, ए, इ, ओ, उ. कमात्स आणि पताह दोन्ही आ, त्सेरे आणि सेगोल दोन्ही ए. म्हणून बाराखडीसारखं म्हणून घ्यावं: बा, बे, बी, बो, बू. मराठीतून हिब्रू समजावण्याची वाट जुनी आहे. 1832 साली मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं होतं.

शेवा नावाची खूण अडवते. त्सेरेचे दोन ठिपके शेजारी-शेजारी, शेवाचे एकावर एक. शब्दाच्या सुरुवातीला शेवाचा ओझरता आवाज होतो, 'बेरेशीत'मधल्या बेसारखा. शब्दाच्या मध्ये तो बहुधा मुका. 'मित्स्वा' लिहिताना आपण त्सचा पाय मोडतो, तिथे तेच काम शेवा करतो.

दुसरी अडचण चोरट्या पताहची. शब्दाच्या शेवटच्या हेतखाली पताह असेल तर तो अक्षराच्या आधी वाचायचा: 'रुआह', 'रूहा' नव्हे. मराठीत याचं उलट रूप रोज डोळ्यांखालून जातं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितो आणि नंतर वाचतो. हे दाखवलं की मूल हसतं आणि चूक सुटते.

गुरुवार

आज एकच शब्द, शेमातला: 'उव्शोख्बखा', म्हणजे तू झोपताना. सहा अक्षरं आणि सापळेच सापळे. सुरुवातीचं 'वाव' हे अक्षर 'उ' होतं. बेत दोनदा येतो, पहिला व आणि दुसरा, पोटात ठिपका असल्याने, ब. शिनखालचा कमात्स आखूड, म्हणून शा नाही, शो. शेवटच्या काफचा स्वर खाली नसतो, अक्षराच्या पोकळीत बसतो, आणि मूल तो खाली शोधत राहतं.

असा शब्द शेवटाकडून बांधावा: खा, ब-खा, शोख्-ब-खा, उव्-शोख्-ब-खा. प्रत्येक पायरी दोनदा. सुरुवातीपासून बांधला तर मूल पहिल्या दोन आवाजांवरून अंदाज मारतं. शेवटाकडून अंदाजाला जागाच उरत नाही.

बोट ओळीखाली ठेवू देऊ नये. बहुतेक स्वर खालीच असतात, ते झाकले जातात. विणकामाची बोथट सुई वरून अक्षरावर टेकवावी. पट्टी लावायची तर वाचून झालेल्या ओळीवर. पुस्तकाचा टाइप बारीक असतो, दीडपट झेरॉक्स काढावी. सुरात वाचण्यासाठीच्या म्हणजे तआमीमच्या खुणा असलेला मजकूर पहिले काही आठवडे नको, त्या स्वरांत मिसळतात. आणि हिब्रूखाली देवनागरी लिहून देऊ नये. डोळा देवनागरीवरच जातो, मुलाचा दोष नाही, कोणाचाही जाईल.

वेळ रोज दहा मिनिटं: तीन कार्डांना, चार बाराखडीला, तीन एका ओळीला, तीच ओळ तीनदा. चूक ओळ संपल्यावर दाखवावी, शब्दागणिक नाही. रविवारी एक तास बसवण्यापेक्षा याने जास्त निघतं. मराठी-इंग्रजीतही तसंच अडत असेल, ओळ हरवत असेल, डोकं दुखत असेल, तर आधी डोळे तपासावेत, मग वाचन-अक्षमतेची तपासणी. तिथे कार्डं पुरणार नाहीत.

शुक्रवार, दुपार

सूर्यास्ताच्या आत पेन्सिल आणि कार्डं कपाटात. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी, लिहिणं नाही, खुणाही नाहीत. पण वाचन आहे. किद्दूशच्या, म्हणजे द्राक्षारसाच्या प्याल्यावर म्हणायच्या आशीर्वादाच्या, आधीची 'उत्पत्ती' या पुस्तकातली तीन वचनं, 'वायेखुलू'पासून, त्यातलं पहिलं एक मुलाला द्यावं. चार दिवस आधीच सांगून, पाहुण्यांसमोर अचानक नाही. प्रत त्याचीच, मोठ्या टाइपातली. वडिलांनी ओठ हलवून शब्द पुरवू नयेत. अडलं तर तीनपर्यंत मनात मोजावं, तेवढ्यात बहुधा ते स्वतःच पुढे जातं.