दुडकीतला हलका ठोका

आधी ते लंगडणं मला दिसलं नाही, ऐकू आलं. रेवा, माझी अकरा वर्षांची कुमाइत घोडी, रपेटीहून परतताना कडक रस्त्यावर दुडकीत होती. दुडक्या चालीत पुढचा एक पाय आणि विरुद्ध बाजूचा मागचा पाय अशी तिरकी जोडी एकदम टेकते, त्यामुळे दोन ठोके सारखे यायला हवेत. त्या सकाळी त्यातला एक किंचित हलका पडत होता. उतरून पाय चाचपले. सूज नव्हती, खूर गरम नव्हता, तळव्यात खडाही अडकला नव्हता. चार दिवस विश्रांती दिली आणि ती ठणठणीत झाली. तीन आठवड्यांनी तोच ठोका पुन्हा हलका.

असं सात महिने चाललं. दर वेळी मला एक कारण सापडायचं. कधी पावसानंतरची निसरडी जमीन, कधी आदल्या दिवशीची लांब रपेट, कधी नवं खोगीर. प्रत्येक कारण त्या त्या दिवसापुरतं पटायचं, आणि विश्रांतीने बरं वाटतंय म्हणजे दुखणं किरकोळ आहे, असं मी धरून चालले होते. विश्रांतीने पायावरचा भार कमी होतो, म्हणून वेदना ओसरते. वेदना कशामुळे होते ते तसंच राहतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. एकदा तर कुणाच्या तरी सांगण्यावरून तिला फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक दिलं. औषधाच्या जोरावर ती सुरेख पळाली आणि मी तिच्यावर बसून तासभर फिरून आले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. दुखऱ्या पायावर भार टाकू नकोस असं तिचं शरीर तिला सांगत होतं आणि तो आवाज मी बंद केला होता.

उपयोग झाला तो वहीचा. तारीख, जमीन कडक की मऊ, गोल फिरवताना वर्तुळ डावं की उजवं, नालबंदी होऊन किती दिवस झाले, एवढंच मी लिहीत गेले. दोन महिन्यांनी पानं चाळताना दोन गोष्टी दिसल्या. कडक जमिनीवर डाव्या वर्तुळात लंगडणं वाढत होतं, आणि नालबंदीनंतर सहावा-सातवा आठवडा उलटला की हमखास उगवत होतं. मोबाइलवर चित्रण करून मंद गतीने पाहू लागले तेव्हा आणखी एक चूक लक्षात आली. डोकं ज्या पायावर खाली जातं तोच पाय दुखतो, असं मी समजत होते. खरं तर उलट असतं. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतो. मी इतके दिवस उजव्या पायाला मालीश करत होते आणि लंगडत होता डावा.

घोड्यांच्या डॉक्टरांनी वही आधी वाचली, मग घोडीला हात लावला. दोर सैल सोडून सरळ रेषेत चालवलं, दुडकीत पळवलं, मग कडक आणि मऊ जमिनीवर दोन्ही बाजूंनी गोल फिरवलं. खूर चिमट्याने दाबून पाहिले, सांधे दुमडून धरले आणि लगेच पळवून पाहिलं. शून्य ते पाचच्या मोजपट्टीवर त्यांनी दोन म्हटलं, म्हणजे सरळ चालीत दिसायला अवघड, पण ठरावीक परिस्थितीत दर वेळी दिसणारं. मग डाव्या पायाच्या टाचेवरच्या दोन्ही बाजूंच्या नसांना भूल दिली. दहा मिनिटांनी रेवा पुन्हा दुडकीत निघाली. डावा पाय स्वच्छ पडत होता आणि ती उजव्या पायाने लंगडत होती.

मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही पाय दुखतायत. डावा जास्त, म्हणून तोच दिसत होता." दोन्हीकडे वेदना असली की घोडा डोकं फारसं उडवत नाही, नुसती पावलं आखूड टाकतो. ती आखूड पावलं मला वर्षभर आळस वाटली होती.

एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं नव्हतं. पण खुराच्या पुढच्या भिंतीची रेघ आणि तिच्या वरच्या हाडांची रेघ एका ओळीत नव्हती, मागे मोडलेली होती. खुराचं टोक लांब, टाचा बसलेल्या. पायामागून येणारा खोल स्नायुबंध खुराच्या आत नॅव्हिक्युलर नावाच्या छोट्या हाडावरून कप्पीवरच्या दोरासारखा वळतो. टोक लांब असेल तर पाऊल उचलायला जोर लागतो आणि तो सगळा ताण त्या वळणावर येतो. आठ आठवड्यांनी नालबंदी करायची हा निर्णय माझा होता. नालबंदाने कधीच सांगितलं होतं की लवकर बोलवा.

डॉक्टर आणि नालबंद एक्स-रे हातात घेऊन खुराशेजारी एकत्र उभे राहिले. माझ्या मते सगळ्या उपचारातली सर्वांत मोलाची अर्धी घटका ती. टोक कमी केलं, नाल थोडा मागे बसवला म्हणजे पाऊल लवकर उलटेल, आणि टाचेमागे आधार वाढवला. सगळं एकाच वेळी नाही, तीन नालबंदींमध्ये. अंतर पाच आठवडे ठरलं. खूर महिन्याला सेंटिमीटरभरही वाढत नाही, टोकाची भिंत वरून जमिनीपर्यंत यायला जवळपास वर्ष लागतं. तेवढा धीर धरायचा होता.

पहिले सहा आठवडे फक्त हातात दोर धरून सपाट, घट्ट जमिनीवर सरळ चालणं. छोटी वर्तुळं बंद. दाणा कमी केला, कारण काम थांबलं आणि खुराक तोच राहिला की वजन वाढतं आणि तेही त्याच खुरांवर येतं. मग दोन मिनिटांची दुडकी, दर आठवड्याला थोडी वाढवत. तिसऱ्या महिन्यात मी प्रवासामुळे नालबंदी दहा दिवस पुढे ढकलली आणि ठोका पुन्हा हलका झाला. त्यानंतर तारीख हलवलेली नाही.

आता दहा महिने झालेत. नव्या कोनात वाढलेली भिंत जमिनीपासून बोटभर वर आहे. काल कडक जमिनीवर डाव्या वर्तुळात तिला पळवलं, डोकं स्थिर होतं. तिसऱ्या फेरीत एक पाऊल आखूड वाटलं, ते वहीत लिहिलं. नालबंद परवा येणार आहे.