पंचवीस लिटरचा गिझर आणि अकरा दिवस

दिवाळीला तीन आठवडे असताना आमच्या जुन्या गिझरची टाकी खालून गळायला लागली. नाशिकला आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी, क्षार भरपूर, त्यामुळे टाकी गंजली याचं नवल वाटलं नाही. नवा घ्यायला गेले तर दुकानात एकच प्रश्न, "माणसं किती?" मी म्हटलं चार. "मग पंचवीस लिटरचाच घ्या, ताई." पाच मिनिटांत बिल झालं. त्या पाच मिनिटांचा मला अजून राग येतो.

गिझर कंपनीच्या माणसानेच बसवायला हवा, नाहीतर वॉरंटी मिळणार नाही, असं दुकानदाराने सांगितलं. मी फोन करून नोंद केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला, 'ग्राहक घरी नव्हते, तक्रार बंद.' सासूबाई दिवसभर घरातच होत्या, गुडघ्यांमुळे त्या जिना उतरतच नाहीत. पुन्हा फोन, पुन्हा नवा तक्रार क्रमांक. चौथ्या दिवशी एकाने फोनवरच ओटीपी मागितला, "द्या मॅडम, म्हणजे काम लवकर लागेल." मी दिला नाही. तुम्हीही काम डोळ्यांसमोर पूर्ण झाल्याशिवाय देऊ नका, कारण तो दिला की काम झाल्याची नोंद होते आणि मग भांडायला जागाच उरत नाही.

पाचव्या दिवशी माणूस आला. त्याने खोकं फाडलं, वर बघितलं आणि म्हणाला, "हा इथे बसणार नाही." आमच्या बाथरूममध्ये माळा आहे. माळ्याच्या खाली आणि नळाच्या वर जेमतेम दीड फूट जागा. जुना गिझर आडवा होता, हा उभा. आडवा करून टांगा म्हटलं तर त्याने साफ नकार दिला, आणि तिथे तो बरोबर होता. गरम पाणी वर चढतं, ते ओढून घेणारी आतली नळी उभ्या टाकीच्या वरच्या टोकापर्यंत नेलेली असते. टाकी आडवी केली की ते सगळं गणित बिघडतं.

दुकानदार म्हणाला, "खोकं फुटलंय, आता परत घेता येत नाही, कंपनीशी बोला." कंपनीच्या फोनवर उत्तर मिळालं, "दुकानदाराशी बोला." असे तीन दिवस. तोवर पहाटे पाचला गॅसवर मोठं पातेलं चढवायचं, अंबडला सात वाजताची शिफ्ट असलेल्या नवऱ्याला आधी पाणी द्यायचं आणि सासूबाईंसाठी उकळतं पातेलं दोन फडक्यांत धरून बाथरूमपर्यंत न्यायचं. एकदा ओल्या फरशीवर माझा पाय सरकला. त्याच दुपारी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आणि तिचा क्रमांक दुकानात नेऊन दाखवला. दोन दिवसांनी गिझर बदलून मिळाला.

बदलून घेताना मात्र मी माणसं मोजली नाहीत, बादल्या मोजल्या. आमच्याकडे शॉवर कोणी घेत नाही, प्रत्येकी एक बादली, साधारण १८ लिटर. नळाचं पाणी २० अंशांवर आणि गिझरमधलं ६० अंशांवर धरलं, तर १५ लिटरच्या टाकीतून ४० अंशांचं ३० लिटर पाणी मिळतं. २ किलोवॅटची कॉइल ती टाकी साधारण २० मिनिटांत पुन्हा तापवते. २५ लिटरला तेच पस्तीस मिनिटं. आमच्या अंघोळींमध्ये निदान अर्धा तास असतो, म्हणजे १५ लिटरचा आडवा पुरे होता. घरात दोघं पाठोपाठ शॉवर घेणारे असतील, तर २५ घ्याच. शॉवर मिनिटाला सहा-आठ लिटर सहज सांडतो.

गिझर किती प्रेशर सोसतो, तेही दुकानदाराला विचारा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीची पाण्याची टाकी अकराव्या मजल्याच्या गच्चीवर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब, म्हणून खालच्या मजल्यांना जास्त सोसावा लागतो. मी ८ बारचा घेतला. प्लग १६ अँपिअरचाच हवा. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं ठिबकतं, ते गळणं नव्हे, तो व्हॉल्व्ह बंद करायचा नाही.

नरक चतुर्दशीला पहाटे चारला बटण दाबलं. एकाला तेल आणि उटणं लावून होईपर्यंत पुढचं पाणी तयार. सगळ्यात शेवटी मी गेले तेव्हा सहाला दहा कमी होते आणि पाणी कडकडीत होतं.

आणि हो, दुकानात जाण्याआधी टेपने जागा मोजा, खालच्या नळ्यांना लागणारी वीतभर जागा धरून. मोजमाप पटेपर्यंत खोकं कोणालाही फाडू देऊ नका.