इंजिन घाट चढवा, होडी नको

कोकणात खाडीकाठी पालथी पडलेली जुनी लाकडी होडी बघितली की तिला वाचवावं असं वाटणारे लोक पुण्यात कमी नाहीत. काही जण ती ट्रेलरवर चढवून ताम्हिणीतून वर आणतात आणि मुळशीकडच्या शेतघरासमोर ठेवतात. हेतू चांगला असतो, पण होडी वाचवायची तर नेमकं हेच करू नये.

समुद्रात राहिलेली फळी पाणी पिऊन फुगलेली असते आणि त्या फुगण्यानेच सांधे बंद राहतात. किनाऱ्यावरची हवा उन्हाळ्यातही दमट असते. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत खाली येते. अशा हवेत २०० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी एका उन्हाळ्यात ३-४ मिलिमीटर सहज आकसते. सांध्यांच्या फटीत ठासलेला कापूस सैल होतो, खिळ्यांभोवती लाकूड चिरतं. मग कोणीतरी त्या फटी लांबी (पुटी) भरून बुजवतं. जूनमध्ये पाऊस लागला की फळी परत फुगायला बघते, पण फुगायला जागा नसते, आणि ती खिळे उपसून बाहेर येते. वरून फायबरचा थर दिला तर आणखी वाईट. आतलं पाणी आत कोंडतं आणि होडी बाहेरून चकचकीत दिसत असताना आतून कुजते.

होडी तिच्या वाडीतच ठेवावी. झापांची सावली, बुडाखाली तीन-चार ठिकाणी ओंडक्यांचा सारखा आधार आणि फळ्यांवर रोज शिंपडायला खारं पाणी. गोडं नको, खारंच हवं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. पावसाचं पाणी पोटात साचू दिलं तर मात्र होडी पठाणाच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, बाजूने सडायला लागते, म्हणून पावसाळ्यात वर आडोसा हवा आणि तळाचं बूच काढून ठेवलेलं हवं.

इंजिनाची गोष्ट वेगळी. त्याला पुण्याची कोरडी हवा मानवते, आणि त्याला लागणारे हातही इथेच आहेत. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली खडकीत सुरू झाली. लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, पंप-नोझल अशी कामं पुण्यात आणि भोसरीत आजही होतात. म्हणून होडी खाली राहू द्या, इंजिन वर आणा, बरं करा आणि परत नेऊन बसवा. पुढचं सगळं लहान एक-सिलिंडर इंजिनांबद्दल आहे. ८० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ११० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), १५०० आरपीएमला ५ अश्वशक्ती देणारं किर्लोस्कर एव्ही-१ किंवा त्याहून जुनी, दोन जड फ्लायव्हीलची, ६००-६५० आरपीएमवर चालणारी लिस्टर या ब्रिटिश कंपनीच्या घडणीची इंजिनं, अशी.

उतरवण्याआधी मोजमाप घ्या. इंजिनाच्या प्रत्येक पायाखालच्या शिमा (उंची जुळवायच्या पातळ पत्र्याच्या चकत्या) वेगळ्या पिशवीत, पिशवीवर पायाची खूण. कपलिंगच्या (इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट जोडणाऱ्या जोडाच्या) दोन तोंडांमधली फट चार ठिकाणी फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी. होडी ढकलणाऱ्या पंख्याचा व्यास, पात्यांची संख्या, फिरण्याची दिशा. पाट्यांचे आणि क्रँककेसवर ठोकलेल्या आकड्यांचे फोटो. रंग खरवडण्याआधी एका कोपऱ्यात थर पायरी-पायरीने घासून मूळ रंग कुठला होता ते बघून ठेवा. ही माहिती एकदा गेली की परत मिळत नाही, आणि जतनाचं निम्मं काम या वहीतच असतं.

खाऱ्या पाण्यावर थंड होणारं इंजिन असेल तर ते खालीच गोड्या पाण्याने धुवा. जॅकेट (सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी) भरायचं, एक रात्र ठेवायचं, सोडायचं. असं किमान पाच-सहा वेळा. पाण्यात असताना बीड (ओतीव लोखंड) जितकं गंजत नाही तितकं ते मीठ अंगात घेऊन हवेत कोरडं पडलं की गंजतं. त्याच वेळी बिडाची परीक्षा करा. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या बिडातलं लोखंड विरघळून जातं आणि मागे ग्राफाइटचा सांगाडा उरतो. आकार जसाच्या तसा, रंग काळसर, आणि चाकूचं टोक दाबलं तर पेन्सिलीच्या शिशासारखं खरवडलं जातं. लहान हातोडीने वाजवा. धड बीड खणखणतं, गेलेलं बद्द वाजतं. पितळी नळ आणि जोड तांबूस झाले असतील तर त्यातलं जस्त गेलेलं आहे. ते भाग दिसायला चांगले असले तरी परत लावू नका, पण टाकूनही देऊ नका. नवीन गनमेटलमध्ये (तांबं-कथलाच्या मिश्रधातूत) ओतून घ्यायला तेच नमुना असतात.

आता जाम इंजिन. बहुतेक वेळा एक झडप उघडी राहिलेली असते, एक्झॉस्टमधून दमट हवा आत येते आणि पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) गंजाने चिकटतात. हँडलला लांब पाइप लावून जोर करणं किंवा पिस्टनच्या डोक्यावर घण घालणं, या दोन गोष्टींनी जितकी चांगली इंजिनं मोडली तितकी गंजाने मोडली नसतील. आधी नेमकं काय अडकलंय ते शोधा. साइड कव्हर उघडून बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) कॅप सोडा. क्रँक मोकळा फिरला तर अडकलाय फक्त पिस्टन, आणि काम निम्मं सोपं झालं.

हेड काढा, पिस्टनवर गिअरबॉक्सचं एटीएफ तेल आणि अ‍ॅसिटोन समसमान मिसळून ५०-६० मिलिलिटर ओता. अ‍ॅसिटोन उडून जातं, म्हणून ताजं मिश्रण दर दोन दिवसांनी, आणि जवळपास विडी-काडी, वेल्डिंग काही नको. दोन-तीन आठवडे धीर धरा. मग जॅकेटमध्ये उकळतं पाणी घाला. सिलिंडर आधी गरम होऊन किंचित फुगतो, पिस्टन अजून थंड असतो, आणि तेवढ्या फरकात तेल खाली झिरपतं. पिस्टन वर काढायचा असेल तर त्याआधी लायनरच्या तोंडाशी जमलेली कार्बनची आणि झिजेची कड साफ करा. ती राहिली तर वरची रिंग तिथेच अडकून तुटते. वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारा, काढता येणारा) असेल तर उत्तम मार्ग म्हणजे लायनर आणि पिस्टन एकत्रच बाहेर काढून हायड्रॉलिक प्रेसवर लाकडी ठोकळा ठेवून सावकाश दाबणे.

लायनर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांत मोजा. नवीन रिंग लायनरच्या तळाकडे, जिथे झीज नाही तिथे, पिस्टननेच सरळ ढकलून तिची फट बघा. बोअरच्या दर १०० मिमीला ०.३ ते ०.४ मिमी हा जुना हिशोब. म्हणजे ८० मिमी बोअरला ०.२५-०.३० च्या आसपास, ११४ मिमीला ०.३५-०.४५. फट कमी असेल तर रिंग गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि ती लायनर ओरबाडते.

व्हाइट मेटलचं (मऊ पांढऱ्या मिश्रधातूचा थर दिलेलं) बेअरिंग डोळ्यांना चांगलं दिसलं म्हणून चांगलं नसतं. शेल (बेअरिंगची अर्धगोल वाटी) रात्रभर पातळ तेलात किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवा, पुसून कोरडं करा आणि कडेला खडूची पूड लावा. जिथे मेटल शेलपासून सुटलंय तिथून तेल पाझरून खडूवर काळी रेघ उमटते. अशी रेघ नसेल आणि झीज थोडी असेल तर नवीन मेटल ओतायच्या भानगडीत पडू नका. शिम कमी करून, शाफ्टला निळा रंग लावून कुठे टेकतंय ते बघून, खरवडून बसवा. शाफ्टच्या दर ५० मिमीला ०.०५ मिमी मोकळीक पुरते.

जॅकेटला चीर सापडली तर आर्क वेल्डिंगला घाई करू नका. थंड बिडावर साध्या रॉडने टाका मारला की त्याच्या शेजारी नवी चीर जाते. मेटल लॉकिंग करून घ्या. धातूची कुलुपं ठोकून चीर शिवतात, उष्णता लागत नाही. नंतर कोमट पाणी भरून नळजोडणीवाल्यांच्या हातपंपाने २ बारवर अर्धा तास दाब धरून बघा.

आट्यांबद्दल मी जरा हट्टी आहे. ब्रिटिश घडणीच्या इंजिनावर विटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, आटे असतात. अर्ध्या इंचाच्या विटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे आणि ५५ अंशांचा कोन, अमेरिकन यूएनसीला १३ आटे आणि ६० अंश. दुसरा बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो, म्हणून लोक जोर लावून पुढे ढकलतात आणि बिडातले आटे कायमचे जातात. मेट्रिक टॅप मारून ‘सोपं’ करून टाकणं हा तर इतिहास पुसण्याचाच प्रकार आहे. विटवर्थ पाने बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात नेटाने शोधले की हाती लागतात, आणि बोल्ट कोणताही बरा लेथवाला काढून देतो.

डिझेलचा पंप आणि नोझल दुरुस्तीला देताना दुकानदाराला स्पष्ट सांगा की बॉडी बदलायची नाही आणि काढलेला प्रत्येक भाग परत हवा. पंपातला प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) ही जोडी एकमेकांत घासून काही मायक्रॉनवर बसवलेली असते. एकाचा प्लंजर दुसऱ्यात घालायचा नाही. टेस्टरवर नोझल चररर असा आवाज करत धुक्यासारखं फवारलं पाहिजे आणि तोंडाशी थेंब लटकता कामा नये. त्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नका. २०० बारचं डिझेल कातडीतून आत शिरतं, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक मोठ्या रुग्णालयात जावं लागतं.

जोडताना हेड आणि पिस्टनमधली फट शिशाच्या तारेने मोजा. झडपा टाळून पिस्टनवर दोन तुकडे ठेवायचे, हेड पूर्ण कसायचं, हाताने एक फेरा द्यायचा आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजायची. या इंजिनांत ती १ मिमीच्या आसपास येते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातला घ्या. तांब्याचं गॅस्केट फाटलेलं नसेल तर मंद लाल होईतो तापवून पाण्यात बुडवलं की परत मऊ होतं आणि चालतं.

टायमिंग. एव्ही-१ सारख्या इंजिनात डिझेलची फवारणी पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या २३ अंश आधी सुरू होते. फ्लायव्हीलवरची खूण पुसली गेली असेल तर फीत लावा. ५०० मिमी व्यासाच्या चाकाचा परीघ १५७१ मिमी, म्हणजे २३ अंश जवळपास १०० मिमी. पंपाच्या तोंडाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून त्या जागी वाकडी नळी लावा, चाक हळू फिरवा आणि नळीतून येणारं डिझेल थांबतं तो क्षण त्या खुणेवर आणा.

पहिल्यांदा चालू करण्याआधी पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) बोटाने मोकळा सरकतोय ना हे बघा. जुन्या डिझेलचा डिंक होऊन रॅक ‘फुल’वर चिकटलेला असेल तर इंजिन बेफाम सुटतं, वेग आवरणारा गव्हर्नर काही करू शकत नाही आणि बिडाचं फ्लायव्हील फुटू शकतं. म्हणून एअर फिल्टर काढून ठेवा आणि इनटेकचं तोंड पूर्ण झाकेल अशी जाड लाकडी फळी एका माणसाच्या हातात द्या. त्याने चाकाच्या रेषेत उभं राहायचं नाही. तळहाताने तोंड झाकायचा विचारही नको. डीकॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) उघडून २०-३० फेरे नुसते मारा, रॉकरवर तेल दिसेपर्यंत. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला की अंगठा वाचतो.

दहा मिनिटं चालवा, बंद करा, साइड कव्हर उघडून बिग एंडला हात लावून बघा. हात टिकला तर पुढे जा. नंतर तासन्‌तास नुसतं गुरगुरत ठेवू नका, लायनरला काच चढते आणि इंजिन तेल खायला लागतं. पाण्याचा पंप जोडून अर्धा लोड द्या. थंड करायला २०० लिटरचं पिंप पुरतं. ५ अश्वशक्तीला अर्ध्या लोडवर ते दोन तास सहज निघतं. इंजिनात जाणारी नळी पिंपाच्या तळातून घ्या, गरम पाण्याची परतीची नळी पाण्याच्या पातळीखाली सोडा. ती वर राहिली तर पाण्याचं आपोआप फिरणं थांबतं.

होडीत परत बसवल्यावर कपलिंग जमिनीवर जुळवून समाधान मानू नका. होडी पाण्यात गेली की तिचा आकार बदलतो, आणि लाकूड फुगून स्थिर व्हायला आठवडा लागतो. तोवर बोल्ट हातानेच लावलेले. मग वहीतले जुने आकडे समोर ठेवून चारही बाजूंना फिलर गेज घाला. १०० मिमी व्यासाच्या कपलिंगला वर-खाली, डावी-उजवीकडे ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. शेवटी ग्लँडची (शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या जोडाची) दोरी अशी कसा की शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडत राहतील. अगदी कोरडी कसली तर होडीच्या एका फेरीत शाफ्टला चर पडतो.