पॅलो ड्युरोला ट्रेलर नेताय? उताराचं सोडा, वाऱ्याचं बघा

पॅलो ड्युरोला, म्हणजे टेक्सासच्या उत्तरेकडच्या दरीतल्या स्टेट पार्कला, राहायचा ट्रेलर (चाकांवरचं घर) ओढत जातोय म्हटल्यावर डॅलसमधल्या झाडून सगळ्या ओळखीच्यांनी एकच गोष्ट ऐकवली: दरीत उतरणारा रस्ता सांभाळा. दहा टक्के उतार आहे, वळणं आहेत, ब्रेक तापतात, अमक्याच्या चाकातून धूर आला होता. महिनाभर हेच. मी रात्री व्हिडिओ बघून बघून तो उतार पाठ केला. प्रत्यक्षात काय, तर खालचा गियर टाकला, ताशी वीस मैलांच्या वर गेले नाही, पाय ब्रेकवर ठेवून बसले नाही, आणि पाव तासाच्या आत आम्ही खाली. १९३० च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या (सीसीसी, मंदीत बेकार तरुणांना काम देणारी सरकारी योजना) पोरांनी बांधलेला रस्ता आहे तो. अरुंद आहे, पण प्रामाणिक आहे. घाटात गाडी चालवलेल्या माणसाला त्याचं काही वाटू नये.

आणि हायवे २८७ वरच्या वाऱ्याबद्दल मात्र एकाही शहाण्याने अवाक्षर काढलं नव्हतं.

नकाशा काढून बघा. फोर्ट वर्थहून निघालेला २८७ विचिटा फॉल्सच्या पुढे तिरका वायव्येला चढत जातो: व्हर्नन, क्वाना, चिल्ड्रेस, मेम्फिस, क्लॅरेंडन, क्लॉड. मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमक्या स्प्रिंग ब्रेकच्या (शाळांच्या वसंतातल्या सुट्टीच्या) दिवसांत, टेक्सासच्या पॅनहँडलमध्ये, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकाला, जोराचा वारा सुटतो तो बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून. म्हणजे रस्त्याला बरोबर काटकोनात, ड्रायव्हरच्या बाजूने. अडवायला झाड नाही, टेकडी नाही. तुमच्यामागे २२ फूट लांबीची सपाट भिंत. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं शीडच, फक्त ते उतरवून ठेवता येत नाही.

चिल्ड्रेसच्या अलीकडे सुरू झालं. आधी स्टिअरिंग हाताला हलकं लागतं. मग डाव्या आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा दिसतो, जो एरवी दिसत नाही. तो आत जातो आणि उजव्या आरशात दुसरा कोपरा बाहेर येतो. मग पुन्हा डावा. शेजारून अठरा चाकी ट्रक गेला की आधी ढकलल्यासारखं होतं आणि लगेच ओढल्यासारखं. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, मागचं घर नाचतंय का गं?" सासरे काही बोलले नाहीत. त्यांनी दाराच्या वरचं हँडल धरलं आणि चिल्ड्रेस येईपर्यंत सोडलं नाही.

ट्रेलर असा हेलकावायला लागला की गाडीचा ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग उलट-सुलट फिरवून सरळ करायलाही जायचं नाही. गॅसवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, आणि ब्रेक कंट्रोलरची (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) जी छोटी पट्टी असते ती दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मागून ट्रेलर ताणला गेला की सगळं सरळ होतं. ही पट्टी कुठे आहे ते घराजवळच्या रिकाम्या पार्किंगमध्ये डोळे मिटून सापडेल इतकं पक्कं करा. ब्रेक कंट्रोलर नसलेल्या गाडीने ट्रेलर ओढायला निघणाऱ्यांशी मला काही बोलायचं नाही.

आता हे झालं का, ते ऐका. ट्रेलर भाड्याने घेतला होता. मालकाने मोठ्या उदारपणे "पाण्याची टाकी भरून ठेवली आहे" म्हणून सांगितलं. ४० गॅलनची टाकी. एक गॅलन पाणी सव्वाआठ पाउंडांहून थोडं जास्त भरतं, म्हणजे ३३० पाउंड. आणि या ट्रेलरची टाकी होती चाकांच्या आसाच्या मागे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या जोडणीवर, यायला हवा. तो कमी झाला की शेपूट डोलू लागतं. मागचं वजन वाढवलं की पुढचं आपोआप कमी होतं, हे सी-सॉवर बसलेल्या पोरालाही कळतं. वर पार्कात प्रत्येक विजेच्या साइटवर पाण्याचा नळ आहे. डॅलसहून साडेतीनशेच्या वर मैल पाणी वाहून न्यायची गरजच नव्हती! चिल्ड्रेसच्या ट्रक स्टॉपवर, इमारतीच्या आडोशाला, आम्ही टाकीचा नळ उघडून सगळं पाणी सोडलं, मागच्या बंकखालचे डबे आणि कूलर पुढे आणले. वारा तेवढाच होता. डोलणं निम्म्याहून कमी झालं.

म्हणून भाड्याने घेताना विचारायचा पहिला प्रश्न "बेड किती" हा नाही. गोड्या पाण्याची टाकी आसाच्या पुढे की मागे? वजन विभागणारी हिच आणि डोलणं रोखणारे स्वे बार बरोबर देणार की त्याचे वेगळे पैसे? टायरच्या बाजूवर वेगाचं अक्षर कोणतं? 'जे' असेल तर तो टायर ताशी ६२ मैलांपर्यंतचा, 'एल' असेल तर ७५ चा. २८७ वर पाटी ७५ ची असली तरी ती तुमच्यासाठी नाही. आम्ही चिल्ड्रेसनंतर ५५ ने गेलो. मागून हॉर्न वाजले. वाजू देत.

वजनाबद्दल आणखी एक, कारण यात लोक सर्रास फसवतात. हाच मालक म्हणाला होता की ५,००० पाउंड ओढणारी कुठलीही सात सीटर चालेल, "ट्रेलर तर ३,९०० चाच आहे". ते ३,९०० म्हणजे कोरडं वजन: गॅस सिलिंडर नाही, पाणी नाही, कढई नाही, गाद्या नाहीत. ट्रेलरच्या अंगावर कारखान्याचा स्टिकर असतो तिथे कमाल भारित वजन (GVWR) लिहिलेलं असतं. आमच्यावर ५,५०० होतं. तो आकडा धरा. मग गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा, ज्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील ते असतं. हिचवर येणारा भार यातूनच वजा होतो. आमच्या उसन्या पिकअपचा आकडा होता १,४८०. हिचवर साधारण ६५०, सहा माणसं मिळून ७८० च्या आसपास. उरले किती? ५०. सासूबाईंनी शंकरपाळे, चकली आणि मेतकुटाचे जे डबे आणले होते त्यांतच ते गेले असते. "किती ओढते" हा जाहिरातीतला आकडा आहे. खरा आकडा दारावर आहे.

वाऱ्यासाठी माझा नियम आता ठरलेला: झोत ताशी ३० मैलांच्या वर दाखवत असतील तर ट्रेलर हलवायचा नाही, बुकिंग गेलं तर गेलं. आणि फक्त अमरिलोचा अंदाज बघू नका, चिल्ड्रेस आणि विचिटा फॉल्सचाही बघा, कारण तुम्ही चार-पाच तास त्या पट्ट्यात असणार. वारा दुपारी चढतो. पहाटे पाचला निघालात तर दहापर्यंत चिल्ड्रेसच्या आसपास पोचता, आणि बहुतेक दिवशी तोवरचा काळ बरा जातो. येताना आम्ही तसंच केलं आणि रस्ता इतका शांत होता की मला उगाचच राग आला. पेट्रोलही सांगून ठेवते: समोरून-बाजूने वारा असताना पिकअप गॅलनला नऊ मैल द्यायला लागली. अर्धी टाकी झाली की भरा, आणि ट्रकवाल्यांचे मोठे पंप असतील तिथेच शिरा. साध्या पंपात शिरलात तर बाहेर पडताना रिव्हर्सचा तमाशा गावाला फुकट.

क्लॉडवरून एफएम ११५१ या आडरस्त्याने पश्चिमेला वळलं की अमरिलोची गर्दी टळते. मात्र जीपीएस नंतर कॅप्रॉक कॅनियन्स या दुसऱ्या स्टेट पार्कला जाताना हायवे २०७ सुचवेल, क्लॉड ते सिल्व्हर्टन. तो रस्ता पॅलो ड्युरो आणि ट्युल या दोन्ही दऱ्यांत उतरून चढतो. देखणा आहे, पण ट्रेलर सोडून मोकळ्या गाडीने जा.

पार्कात. जागा पाच महिने आधी उघडतात आणि स्प्रिंग ब्रेकच्या लगेच जातात. साइटच्या भाड्यावर प्रत्येक मोठ्या माणसाचं प्रवेशशुल्क दर दिवशी वेगळं लागतं, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांना काउंटरवर कळतं. बरोबर आई-बाबा असतील तर टेक्सास स्टेट पार्क्सचा वार्षिक पास घ्याच, गाडीतल्या सगळ्यांचं शुल्क माफ होतं. साइट निवडताना लांबी बघा. काही जागा मोठ्या ट्रेलरला पुरत नाहीत. मेस्किटची कॅम्पसाइट आत शेवटाकडे आहे, तिकडे जाताना रस्त्यावरून वाहणारे ओढे लागतात. कोरड्या दिवशी चाकसुद्धा धड भिजत नाही. पण पाऊस झाला की रेड नदीची ही प्रेअरी डॉग टाउन शाखा बघता बघता फुगते आणि तुम्ही ट्रेलरसकट पलीकडे अडकता. कडेला खोलीच्या पट्ट्या रोवल्या आहेत त्या शोभेसाठी नाहीत.

शेकोटीचं स्वप्न बघू नका. वारा आणि वाळलेलं गवत असलं की बंदी येते, आणि यायलाच हवी. २०२४ च्या फेब्रुवारीत याच पॅनहँडलमध्ये लागलेल्या स्मोकहाउस क्रीक वणव्यात दहा लाख एकरांहून जास्त जमीन जळाली, टेक्सासच्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा तो. आम्ही डॅलसहून विकत नेलेली लाकडं परत आणली. पार्कात पडलेलं लाकूड गोळा करायला मनाई आहेच. भाकरी आणि पिठलं आतल्या गॅसवर झालं. ट्रेलरच्या बाजूला उघडणारा कापडी मांडव उघडा ठेवून फिरायला जाऊ नका, एका झोताचं काम आहे ते.

लाइटहाउस ट्रेल जाऊन-येऊन पावणेसहा मैल. सरावाच्या माणसाला अंतर काहीच नाही, शेवटचा चढ तेवढा हात टेकवणारा. वर ३१० फुटांचा तो सुळका समोर आला की पाय दुखायचे थांबतात, इतकंच म्हणते. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण वाटेत पाणी नाही, सावली जवळजवळ नाही, आणि लाल माती खालून भाजते. मार्चमध्ये सकाळी आठला निघून आम्ही मजेत आलो. जून ते ऑगस्ट दुपारी जाणाऱ्याला मी वेडा म्हणेन. माणशी एक गॅलन पाणी म्हणतात, ते खरं आहे. कुत्र्याला नेऊ नका. सासरे अर्ध्यातून परतले आणि त्यांनी योग्य तेच केलं.

दरीचा इतिहास वाचून जा. १८७४ च्या सप्टेंबरात अमेरिकी लष्कराच्या कर्नल मॅकेन्झीच्या फौजेने इथे कोमांची, कायोवा आणि शायेन या मूळनिवासी लोकांच्या छावण्या जाळल्या आणि हजाराच्या वर घोडे पकडून ट्युल कॅनियनमध्ये मारले. घोड्यांवाचून ते लोक थंडीत टिकणार नव्हते, हाच हिशेब होता. सासऱ्यांनी दरीच्या कडेची पाटी दोनदा वाचली आणि गाडीत बसेपर्यंत बोलले नाहीत.

कॅप्रॉक कॅनियन्सचे दिवस छान गेले, सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. जुन्या काळचा पशुपालक चार्ल्स गुडनाइट याच्या कळपाचे वंशज असलेले बायसन (अमेरिकी रानगवे) तिथे मोकळे फिरतात, हनी फ्लॅटच्या कॅम्पातही येतात. एक जण सकाळी आमच्या ट्रेलरच्या कोपऱ्याला पाठ घासून गेला; आत कपातला चहा हिंदकळला. ५० यार्ड लांब राहायचं असतं, पण तोच जवळ आला तर दार लावून गप्प बसा.

रविवारी सकाळी दहाला सांडपाण्याची टाकी रिकामी करायच्या जागी रांग लागते. सातला जा. आणि हे विसरू नका: रिकामी केल्यावर व्हिडिओ काढा, पाइपमधून स्वच्छ पाणी येताना. या टाक्यांच्या आतले सेन्सर घाणीने माखले की रिकाम्या टाकीलाही दोन-तृतीयांश भरली म्हणून दिवे लावतात. आमच्या मालकाने ते दिवे दाखवून १०० डॉलर कापले. जाहिरातीत रात्रीचे ९५ असलेला ट्रेलर आधीच साफसफाई, विमा, हिचचं रोजचं भाडं आणि बुकिंगचं कमिशन धरून दुपटीच्या वर गेला होता, त्यात हे. व्हिडिओ पाठवल्यावर ५० परत आले. उरलेल्या ५० साठी भांडायची ताकद राहिली नव्हती, तुमच्यात असली तर जरूर भांडा. बुक करतानाच शेवटची बेरीज लिहून मागा, आणि तिला रात्रींनी भागा. आमच्या त्या भागाकारात दरीच्या काठावरची दगडी केबिन आरामात आली असती. सीसीसीच्याच काळातल्या त्या केबिन, खिडकीतून अख्खी दरी. फक्त त्या मोजून तीनच आहेत, आणि जागा उघडतील त्या सकाळी कंप्युटरसमोर बसावं लागतं.