कोल्हापूर पाहायचे तर नदीच्या मागे जा

"दोन दिवस कोल्हापूरला येतोय, काय काय पाहू?" असे बाहेरगावचे स्नेही मला सतत विचारतात. विचारणाऱ्याकडे अंबाबाई, रंकाळा, जोतिबा, तांबडा-पांढरा रस्सा आणि चपला ही यादी बहुधा तयारच असते आणि ती चुकीचीही नाही. परंतु तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, हा मुलूख समजून घ्यायचा असेल तर नदीच्या मागे, पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे.

सह्याद्रीच्या कुशीतला गगनबावडा आणि पूर्वेचा शिरोळ हे एकाच जिल्ह्यातले तालुके असले, तरी तिकडे पाऊस धो धो कोसळत असताना इकडे शेतकरी आभाळाकडे पाहत बसलेला असतो. हे अंतर भरून काढण्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) भोगावती नदीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. दाजीपूरचे गव्यांचे जंगल येथून जवळच आहे, मात्र गवा दिसेलच अशी खात्री कोणी दिली तर विश्वास ठेवू नये.

खाली चिखलीच्या प्रयागावर कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचा संगम होऊन पंचगंगा बनते. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर थोडा वेळ थांबावे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरल्यावर खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढून नदी मोकळी करतात. आमच्या उसाची आणि पर्यायाने गुळाची भिस्त या साध्या युक्तीवर आहे. पावसाळ्यात मात्र याच बंधाऱ्यावरची पाणीपातळी घरोघरी विचारली जाते. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे येथे शाळकरी पोरही सांगते. २०१९ च्या महापुरानंतर तर तो आकडा ऐकल्याशिवाय आम्हाला झोप लागत नाही.

पन्हाळाही मी पावसातच पाहायला सांगतो. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज १६६० च्या जुलैत विशाळगडाकडे निसटले, ती रात्र कशी असेल हे उन्हाळ्यात तीन दरवाजापाशी उभे राहून कळत नाही. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा झाला की थोडेफार उमगते.

अंबाबाईचे दर्शन पहाटे घ्यावे, गर्दी कमी असते. त्यानंतर नृसिंहवाडी गाठावी. पंचगंगा तेथे कृष्णेला मिळते आणि पूर आला की दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरलेले पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. तेथून पुढे कृष्णाकाठच्या खिद्रापूरला जाण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात आणि मला त्याचेच वाईट वाटते. शिलाहारकालीन कोपेश्वराच्या मंदिरासमोर नंदी नाही. स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध मोठे गोल मोकळे तोंड आहे आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा आहे. शक्यतो दुपारी जावे आणि मंडपाच्या कडेला खांबाला टेकून बसावे. उन्हाचा गोल फरशीवरून हळूहळू सरकताना दिसतो.