तुम्ही विचारलंत म्हणून: तेव्हा तुम्ही झोपला होतात का?

नाही, झोपलो नव्हतो. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे म्हणून मी सागरी पोलीस ठाण्यातून निवृत्त झालोय हे कळतं, तिथे हा प्रश्न येतोच. दहा जण समुद्रातून येऊन मुंबईत उतरले, तेव्हा तुम्ही काय करत होतात? त्यामागोमाग दुसरा, जरा शहाणा प्रश्न: समुद्र राखायचं काम नक्की कोणाचं, राज्याचं की केंद्राचं?

2008 साली मी घाटाखालच्या एका साध्या ठाण्यात होतो. समुद्राशी संबंध बाजारातल्या बांगड्यापुरता. पण हे सांगितलं की समोरचा हसतो आणि म्हणतो, "म्हणजे तुमची हद्द नव्हती!" म्हणून हल्ली सांगत नाही.

कागदावर सगळं सोपं आहे. पोलीस आणि सुव्यवस्था राज्याच्या यादीत, संरक्षण केंद्राच्या यादीत. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत सागरी पोलीस, पुढे तटरक्षक दल, त्याच्याही पुढे नौदल. आणि 2009 पासून एकूण जबाबदारी नौदलाकडे. 12 मैलांच्या आतली मासेमारी राज्याची, कस्टम केंद्राचं. सागरी पोलिसांच्या बोटी केंद्राच्या 2005 च्या योजनेतून आल्या, पहिल्या टप्प्यात देशभर 204. त्यांच्यावर चढणारी माणसं मात्र राज्याची, म्हणजे आम्ही. त्यातल्या निम्म्यांना बोट लागायची. पहिल्या गस्तीला आमचा एक जाडजूड हवालदार बादली मांडीत धरून बसला होता आणि दर लाटेला साहेबांची माफी मागत होता. हसू नका, कुस्तीतला गडी होता तो.

बरं, पकडलं कुणीही तरी गुन्हा शेवटी पोलीस ठाण्यातच नोंदवायचा. 2011 मध्ये भर समुद्रात धरलेले सोमाली चाचे मुंबईत आणून दिले ते यलोगेट पोलीस ठाण्याच्याच ताब्यात.

जमिनीवर याच्या अगदी उलट चालतं. 2021 च्या ऑक्टोबरात केंद्राने पंजाब, बंगाल आणि आसामात बीएसएफची हद्द सीमेपासून 15 किलोमीटर होती ती 50 केली, तर पंजाब थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि बंगालच्या विधानसभेने विरोधाचा ठराव केला. तिथे हद्द आपल्याकडे राहावी म्हणून भांडण. आमच्या समुद्रावर कुणी भांडलेलं मी पाहिलं नाही. इथे जो तो हद्द दुसऱ्याच्या पदरात टाकायला बघतो, आणि तेही अगदी नियमाला धरून.

आता जे मी सहसा सांगत नाही ते सांगतो.

गणपती नुकतेच गेले होते. समुद्र अजून पुरता बसला नव्हता. रात्री दहाच्या सुमाराला मच्छीमार सोसायटीच्या वायरलेस सेटवरून एका तांडेलाचा, म्हणजे मासेमारी बोटीच्या म्होरक्याचा, निरोप आला. ओळखीतला माणूस. "साहेब, एक बोट नुसती वाहत चाललीय. दिवा नाय, इंजिनचा आवाज नाय. जाऊ काय जवळ?" त्याच्या जीपीएसवरचा आकडा मागवला, तर जागा 12 मैलांच्या जराशी पलीकडे. मी म्हटलं, जाऊ नको, लांबून नजर ठेव. कोळीवाड्यातल्या बैठकांत आम्हीच शिकवलं होतं: अनोळखी बोट दिसली तर जवळ जायचं नाही, कळवायचं. 1093 आमचा नंबर, 1554 तटरक्षकांचा, भिंतीवर रंगवून घेतले होते.

आमची बोट त्या दिवशी वर काढलेली, इंजिन उघडं पडलेलं. मी वर कळवलं, वरून पुढे कळवलं गेलं. तिकडून प्रश्न आले. अक्षांश-रेखांश काय? रंग कोणता? नंबर? किती माणसं, हत्यारं दिसतात का? एकही प्रश्न चुकीचा नव्हता. प्रत्येकाचं उत्तर सोसायटीच्या सेटवरून त्या तांडेलाकडे जाऊन परत यायचं, आणि तोवर बोट आणखी कुठेतरी गेलेली असायची.

मध्यरात्रीनंतर निरोप आला, बोटीवर जाळ दिसतोय. मी म्हटलं, मग तर जाऊच नको.

पुढे ती वाहत 12 मैलांच्या आत आली, म्हणजे आता आमची झाली. आमच्याकडे बोट नाही. ज्यांच्याकडे होती त्यांचं जहाज निघालेलं होतं, सकाळपर्यंत पोचणार होतं. पहाटे तांडेलाने माझं ऐकायचं सोडलं आणि बोट जवळ घातली. गुजरातकडची मासेमारी नौका. इंजिन बंद, बॅटरी उतरलेली. विंचच्या दोरात एका खलाशाचा हात सापडला होता. बाकीच्यांनी लुंग्या डिझेलमध्ये बुडवून पेटवल्या होत्या, कुणी बघेल म्हणून. तांडेलाने दोर टाकून बोट बंदरात ओढून आणली, तेव्हा तो खलाशी गेलेला होता.

अकस्मात मृत्यूची नोंद मीच घेतली. प्रेत मिळून आल्याचं ठिकाण: जेट्टी. हे खोटं नव्हतं. पण तो गेला कुठे, 12 च्या आत की बाहेर, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही शोधलं नाही.

तुम्ही काय सांगितलं असतंत? विनादिव्याची, उत्तर न देणारी बोट, तिच्यावर जाळ, आणि विचारणारा चार पोरांना घेऊन मासेमारीला गेलेला माणूस. आज रात्री तसाच निरोप आला तर मी तेच सांगेन. सांगताना घसा कोरडा पडेल, ते वेगळं. तो तांडेल अजून रामराम करतो. पण त्यानंतर त्याने एकही बोट कळवली नाही, आणि त्याचं बघून त्याच्या वाड्यातल्या आणखी काही जणांनीही.

त्याआधी मी सगळं केंद्राकडे द्या म्हणणाऱ्यांतला होतो. एका प्रशिक्षणात उठून बोललोही होतो: एक दल, एक हुकूम, किनाऱ्याच्या वाळूपासून पुढे सगळं त्यांचं. टाळ्या पडल्या होत्या. त्या माणसाला मी आज विचारतो, सोसायटीच्या सेटवरून तुझ्या नावाने निरोप का आला? तर तू नारळी पौर्णिमेला त्यांच्यात जेवायला बसायचास म्हणून. दर तीन वर्षांनी बदलून येणाऱ्या परप्रांतीय अधिकाऱ्याला कोण हाक मारणार? तो माणूसही गप्प बसत नाही. म्हणतो, 1993 ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठी रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरलं, तेव्हा ओळखीचेच लोक होते ना सगळे? त्या खटल्यात केंद्राचे कस्टमवालेही दोषी ठरले आणि राज्याचे पोलीसही. गणवेश कुणाचा होता याने काय फरक पडला?

आणि उपकरणांचं म्हणाल तर 2011 मध्ये ओमानजवळ सोडून दिलेलं 'पवित' नावाचं जहाज सगळ्यांच्या नजरेतून निसटून जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. 2022 च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला तीन एके-47 असलेली रिकामी बोट लागली, तेव्हा मी घरी होतो आणि फोन मात्र मलाच. ती मस्कतहून युरोपला निघालेल्या एका परदेशी बाईची बोट, बिघडली म्हणून भर समुद्रात सोडलेली. केंद्र-राज्य दोघांचंही पाणी ओलांडून आली.

माझा पुतण्या म्हणतो, केंद्राचं एकच सागरी दल काढा आणि त्यात निम्मी भरती कोळीवाड्यातून करा, कटकट मिटली. मी म्हटलं, आणि त्या भरती झालेल्या पोराच्या सोयऱ्याची बोट रात्री डिझेलचा चोरटा माल घेऊन आली, की तो शिट्टी फुंकणार का? पुतण्याकडे त्याचंही उत्तर आहे. पुढच्या वेळी त्याला विचारा.