सुताच्या नावाचं गाव

जावानीज भाषेत ‘लावे’ म्हणजे सूत. लेकीने हे सांगितलं तेव्हा मी नातवाची झबली वाळत घालत होते. हातातलं झबलं तसंच राहिलं. सुतावरून गावाचं नाव पडलंय म्हटल्यावर ते पाहिल्याशिवाय बेळगावच्या आमच्या वडगावला परत कसं यायचं?

जावई इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सोलो शहराजवळ एका सूतगिरणीत इंजिनिअर आहेत. बाळंतपणासाठी मी दोन महिने तिकडे होते. बाळ सव्वा महिन्याचं झालं आणि आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो ते थेट त्या सुताच्या गावाला, लावेयानला. सोलोचं सरकारी नाव सुराकार्ता. राजाने १७४५ साली राजवाडा इथे हलवला आणि शहर वसलं. लावेयान त्याहून जुनं, सोळाव्या शतकातल्या पाजांग राज्याच्या काळातलं. आता ते शहराच्या पोटातच आहे. डॉक्टर राजिमान रस्त्यावरून रिक्षा आत वळली की गाड्यांचा आवाज मागे राहतो आणि दोन्ही बाजूंना भिंती सुरू होतात.

भिंती म्हणजे दोन पुरुष उंच. चुन्याच्या, कुठे शेवाळलेल्या, कुठे पोपडे धरलेल्या. मधला बोळ असा की समोरून सायकल आली तर आपण भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. शहापूर-वडगावात घराचं दार म्हणजे रस्ताच. उंबऱ्यात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं. मागाचा आवाज तर तीन गल्ल्या पलीकडे जातो. इथे सगळं चिडीचूप. बाहेरून श्रीमंती दिसू नये, चोराचिलटांचं भय राहू नये, म्हणून बाटिकच्या, म्हणजे मेणाने नक्षी काढून रंगवलेल्या कापडाच्या, व्यापाऱ्यांनी या भिंती बांधल्या. जाड लाकडी दार उघडून आत गेलं की मोठं अंगण, पुढे चारही बाजूंनी मोकळा खांबांचा मंडप, त्याला पेंडोपो म्हणतात, आणि त्यामागे घर. जावातल्या जुन्या घरांत आत तीन खोल्या असतात आणि मधली देवी श्रीची, म्हणजे भाताच्या देवीची. मुसलमान मुलखात ‘श्री’ कानावर पडल्यावर मला भरून आलं. तिकडे रेशमाला ‘सुत्रा’ म्हणतात, कापसाला ‘कापास’ आणि निळीला ‘निला’. विणकराच्या घरात जन्मलेल्या बाईला भाषा परकी वाटावी तरी कशी?

आम्ही ज्या घरी गेलो तिथली मालकीण साठीची असेल. तिकडे मोठ्या बाईला ‘इबू’ म्हणतात. इबू म्हणजे आई. मीही तसंच म्हटलं, बाकीचं बोलणं लेकीने केलं. इबू घरात जावानीज बोलते आणि बँकेत, कचेरीत इंडोनेशियन. आमच्या गल्लीत घरोघरी असंच चालतं, घरात एक भाषा आणि कागदावर दुसरी, त्यामुळे तिचं बोलता बोलता मध्येच भाषा बदलणं मला ओळखीचं वाटलं.

मागच्या पडवीत पाच-सहा बायका बुटक्या स्टुलांवर गोल करून बसल्या होत्या. मध्ये शेगडीवर छोटी कढई, तिच्यात वितळलेलं मेण. या मेणाला ‘मालाम’ म्हणतात. हातात चांतिंग, म्हणजे बांबूच्या मुठीची तांब्याची इवलीशी वाटी, तिला सुईसारखी तोटी. वाटीत मेण घ्यायचं, तोटीवर हळूच फुंकर मारायची आणि पांढऱ्या कापडावर रेघ ओढायची. मेण फार तापलं तर पसरतं, निवलं तर धाग्यात मुरतच नाही. जिथे मेण मुरलं तिथे रंग चढत नाही, सगळं बाटिक या एवढ्या गोष्टीवर उभं आहे. पुढची बाजू झाली की कापड उलटून मागूनही त्याच रेघांवर मेण द्यायचं. मग रंगाची बुडी, आणि शेवटी उकळत्या पाण्यात घालून मेण उतरवायचं. दुसरा रंग हवा असेल तर पुन्हा मेण, पुन्हा बुडी. एका कापडाला दोन-दोन महिने जातात. सोलोचा खास रंग तपकिरी, त्याला ‘सोगा’ म्हणतात. तो पूर्वी ज्या झाडाच्या सालीतून काढायचे ते झाड म्हणजे आपल्याकडे रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचा सडा घालणारा सोनमोहर. आयुष्यभर त्याच्या सावलीतून चालले आणि सालीत रंग आहे हे मला माहीत नव्हतं.

पलीकडच्या खोलीत पुरुष उभ्याने काम करत होते. त्यांच्या हातात तांब्याच्या पट्ट्या वळवून, डाख देऊन केलेला ठसा. मेणात टेकवायचा आणि कापडावर दाबायचा. त्या ठशाचं नाव ‘चाप’, म्हणजे आपला छापच! एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हा ठसा आला, महिन्यांचं काम दिवसांवर आलं आणि लावेयानकडे पैसा आला. त्या पैशातूनच या भिंती उभ्या राहिल्या.

आणि त्या पैशाच्या किल्ल्या बायकांकडे होत्या. हे ऐकून मी लेकीला तीनदा विचारलं, नीट समजलंय ना तुला? लावेयानच्या व्यापारीणबाईला ‘म्बोक मासे’ असा मान होता. कापड घेणं, कामगारांना मजुरी वाटणं, बाजारात भाव करणं, उधारी वसूल करणं, सगळं ती बघायची. नवरा मदतीला. इबूच्या आजीचा फोटो पेंडोपोत लावला होता, ताठ बसलेली, नजर सरळ कॅमेऱ्यात.

माझी आई पहाटे पाचला रहाटावर बसायची. दिवसभराच्या कांड्या भरायची, तुटलेले धागे सांधायची, खळ द्यायची. बाबांचा धोटा चालायचा तो तिच्या कांड्यांवर. पण शेठच्या वहीत मजुरी बाबांच्या नावावर आणि सोसायटीचं कर्जही त्यांच्याच नावावर. साडी विणायला किती दिवस लागले हे विचारलं तर आजही सगळे मागावरचे दिवस सांगतात, रहाटावरचे कुणी मोजत नाही. मला याचं दुःख आहे आणि ते मी लपवणार नाही.

याच लावेयानचे हाजी समनहुदी. बाटिकचे व्यापारी. त्यांनी इथल्या व्यापाऱ्यांची संघटना बांधली आणि १९१२ साली तिचं नाव ‘सरेकत इस्लाम’ झालं. डच राज्यात सामान्य माणसांची पहिली मोठी चळवळ ती हीच. कापडाचे भाव आणि मालाची खरेदी यांवरून सुरू झालेली गोष्ट देशभर गेली. मला लगेच आपलं बेळगाव आठवलं. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा सभासदाने महिन्याला २,००० वार हातकताईचं सूत द्यायचं असं ठरलं होतं. आमच्या शाळेत अधिवेशन शिकवलं, सूत शिकवलं नाही.

ओढ्यासारख्या एका नदीच्या काठावर जुनी मशीद आहे. तिचं साल तिथे १५४६ सांगतात. बाहेरून बघितली तर कौलारू घरच वाटते. शेजारी ‘की आगेंग हेनिस’ यांची कबर. गावाला बाटिक त्यांनी शिकवलं अशी लोकांची श्रद्धा आहे. एकेकाळी याच पाण्यातून होड्या माल घेऊन बेंगावान सोलो नदीकडे जायच्या. आम्ही सावलीत जरा टेकलो, बाळाला पाजलं आणि निघालो.

१९७० नंतर बाटिकची नक्षी छापलेलं गिरणीचं स्वस्त कापड बाजारात आलं आणि लावेयानच्या पडव्या एकेक करून बंद पडल्या. पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. खडेबाजारात सुरतेची साडी आली तेव्हा आमच्या गल्लीतले माग वजनावर भंगारात गेले. आमच्या शेजारच्या घरातला शेवटचा माग टेम्पोत चढवला तेव्हा त्या घरातल्या आजी आत जाऊन बसल्या, बाहेर आल्या नाहीत.

लावेयानच्या लोकांनी मात्र २००४ मध्ये एकत्र येऊन आपला मंच काढला. वाडे दुरुस्त केले, पुढच्या खोल्यांत दुकानं मांडली आणि मागच्या पडव्या पाहुण्यांना मोकळ्या केल्या. रंगाचं पाणी साफ करायला सामाईक टाकी बांधली. शंभर वर्षं जी दारं बंद ठेवायची रीत होती तीच उघडली. २००९ मध्ये युनेस्कोने बाटिकला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. सगळे वाडे वाचले नाहीत, काही ओस पडलेले मी पाहिले. पण त्या पडवीत एक विशीतली पोरगी चांतिंग धरून बसली होती. वडगावात विशीतलं पोर मागावर बसलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. आपल्या गल्लीत जे चार-दोन हातमाग उरलेत ते तरी लोकांनी येऊन बघावेत, बसून चहा प्यावा, कांडी कशी भरतात ते विचारावं, एवढं आपल्याला जमण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं.

निघताना मी ‘त्रुनतुम’ नक्षीचं एक कापड घेतलं. काळसर जमिनीवर चांदण्यांसारखी बारीक फुलं. लग्नात वधूवरांचे आईवडील हे नेसतात. इबूने पावती स्वतः लिहिली, पैसे स्वतः मोजले आणि कमरेच्या पिशवीत ठेवले.

घरी आल्यावर कापड आईच्या मांडीवर ठेवलं. तिला आता नीट दिसत नाही. फुलं किती, रंग कुठला, काही विचारलं नाही. कापड सरळ उलटं केलं, मागच्या बाजूने अंगठ्याचं नख फिरवलं, पुन्हा पालथं केलं.

“दोन्हीकडनं सारखंच हाय की गं. हातचं हाय हे.”

मी म्हटलं, दोन महिने लागले, सगळं बायकांनी केलंय.

“आणि हिशेब?”

“तोपण बाईच बघते.”

आई काही बोलली नाही. कापडाची काठाला काठ जुळवून घडी घातली, विणलेली साडी शेठकडे द्यायच्या आधी घालायची तशी, आणि उशाशी ठेवली.